पत्र्याची फुलं करणारी क्लोदोमिरा

कुणी काही चकचकीत घेऊन दारात उभं राहिलं की क्लोदोमिरा मान वर न करता विचारायची, "ठोकून बघितलंस का?"

ठोकून कुणीच बघितलेलं नसायचं. आमच्या वाळवंटात माणसाला वाटेत काही चमकताना दिसलं की तो ते खिशात घालतो, आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात दोन मजली घर बांधून मोकळा होतो. ते घर पाडायचं काम क्लोदोमिराकडे यायचं. ती दगड ऐरणीवर ठेवायची, हातोडीचा एकच घाव घालायची, आणि तुकडे दुकानभर उडायचे. "धातू असता तर चपटा झाला असता," ती म्हणायची. "हा फुटला. जा घरी, बायको जेवायची थांबली असेल."

मी मेलानिया. सांता ओब्दुलियाच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं पट्ट्या बांधल्या. डॉक्टर महिन्यातून दोनदा बंदरावरून वर यायचे, बाकीचे दिवस मीच डॉक्टर. सांता ओब्दुलिया म्हणजे सोऱ्याचा कारखाना आणि त्याच्याभोवती पत्र्याच्या घरांच्या अकरा ओळी. खारट माती सुरुंगानं फोडायची, उकळायची, तिच्यातून सोरा काढायचा. पाऊस नाही, झाड नाही, गवताची काडी नाही. माणूस मेला तर त्याच्यावर ठेवायला फूल कुठून आणणार? म्हणून आमच्या कबरींवर पत्र्याची फुलं असायची, आणि ती क्लोदोमिरा करायची. सार्डिनचे डबे, दुधाचे डबे, रॉकेलची पिंपं, जे हाती येईल ते कापून. तिचं कार्नेशनचं फूल इतकं हुबेहूब असायचं की बंदरावरून आलेल्या पाद्रीबुवांनी एकदा ते नाकाला लावलं आणि नाक कापून घेतलं. टाके मीच घातले.

तिचा बाप गावोगाव फिरणारा कल्हईवाला होता. धातू ओळखायची रीत तिनं त्याच्याकडून उचलली. ठोकल्यावर पसरतो. दोरीला टांगून टिचकी मारली तर नाद देतो. एक टोक विस्तवात धरलं की दुसऱ्या टोकाला चटका बसतो. आणि कितीही काळवंडलेला असला तरी कानशीनं घासला की आतून लख्ख निघतो. गंधक, कोळसा, काच, गारगोटी यांना यातलं काही जमत नाही. पुढे वीजघरातल्या एकानं तिला टॉर्चचा सेल, दोन तारा आणि बारकासा दिवा जोडून दिला. तारांच्या मधे वस्तू धरायची. धातू असेल तर दिवा लागतो. या खेळण्यावर ती लहान मुलीसारखी खूश होती, आठवडाभर दिसेल ते तारांमधे धरत होती. मग एके दिवशी माझ्या कानावरची पेन्सिल ओढून तिनं तिचं शिसं धरलं आणि दिवा लागला.

"मेलानिया! हा तर कोळशाचा भाऊ!" तिनं ते शिसं ठोकलं. भुगा झाला. परत दुसरं धरलं. परत दिवा लागला. ती मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे दिवा खोटं बोलतो?"

"दिवा खोटं बोलत नाही," मी म्हटलं, "पण सगळं खरंही सांगत नसेल."

त्यानंतर तिनं नियमच केला. एकदा तपासून काही ठरवायचं नाही. माझा थर्मामीटर फुटला तेव्हा त्यातला पारा तिनं बशीत घेऊन दिवसभर जवळ ठेवला. पाण्यासारखा पळतो, पण जड, थंड, लखलखीत, आणि दिवाही लावतो. "आता याला ठोकू कसं ते सांग," असं दर तासाला मला विचारत होती. शेवटी मीच ती बशी काढून घेतली, पाऱ्याची वाफ वाईट असते म्हणून.

इतकी चिकित्सक बाई. आणि नवऱ्याच्या वेळी मात्र तिनं एकाच गोष्टीवर निकाल दिला.

बेलार्मिनो हा तिचा नवरा. अबोल, सडपातळ, शीळ मात्र सुरेख घालायचा. तो आयोडीन-घरात कामाला होता. सोरा काढून उरलेल्या पाण्यातून आयोडीन निघायचं. ते थोडंसंच निघायचं, पण सोऱ्याच्या कितीतरी पट महाग. त्यासाठी वेगळी इमारत, दाराशी दोन पहारेकरी, आत फक्त नऊ माणसं. माल लहान लहान लाकडी पिंपांत भरून वरून ओलं कातडं शिवायचे. ते वाळून आवळलं की सुईसुद्धा आत जाणार नाही. आम्ही सगळे त्या पिंपांवर जगत होतो, पण आतला माल दिसतो कसा हे मलाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते बाटलीतलं, तपकिरी, जखमेला झोंबणारं, बंदरावरून तयार होऊन येणारं.

एका मार्चमध्ये वजनात तूट निघाली. पहारेकऱ्यांनी नऊही घरं उलटीपालटी केली, आणि बेलार्मिनोच्या पॅंटच्या दुमडीत चिमूटभर काळी भुकटी सापडली. त्याची बोटं तपकिरी होती. नऊही जणांची होती, पण भुकटी सापडली ती याच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला खाली पाठवायचं ठरलं. अशा माणसाला मग वाळवंटातला कुठलाच कारखाना दारात उभं करत नाही.

फलाटावर मी होते. त्याच्या हातात एक गाठोडं होतं.

"क्लोदो," तो म्हणाला, "तुला काय वाटतं? मी केलं?"

ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "माझ्या वाटण्याचा प्रश्न कुठे येतो? पॅंट बोलतेय ना."

"पॅंटला नाही विचारलं मी. तुला विचारलं."

"मला लाज आणलीस तू," ती म्हणाली. "चढ गाडीत."

तो चढला. ती मागे राहिली, तिनं दुकान उघडलं आणि त्या दिवशी चाळीस फुलं कापली. नंतर इंजिन ड्रायव्हरबरोबर त्याचे दोन निरोप आले, की तोकोपिल्याला बंदरावर काम मिळालंय, खोली आहे, ये. तिनं उत्तर पाठवलं नाही. चार वर्षं गेली.

तिच्या शेजारच्या घरात ओनोफ्रे राहायचा. तोही आयोडीन-घरातलाच, पिंपांना कातडं शिवणारा. बायको उबेर्लिंदा आणि पाच मुलं. तिसऱ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मूल हातात घेतलं होतं क्लोदोमिरा आणि बेलार्मिनोनं, तेव्हापासून आई आणि धर्ममाता या नात्यानं उबेर्लिंदा आणि क्लोदोमिरा एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. बेलार्मिनो गेल्यावर क्लोदोमिराकडे पाव नसला तर उबेर्लिंदा पाव द्यायची, रॉकेल नसलं तर रॉकेल. ओनोफ्रे रविवारी येऊन तिच्या छपराचे खिळे ठोकून द्यायचा आणि चहाही न घेता जायचा. भला माणूस, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचे. एका जूनमध्ये कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि पिंपाला टेकून बसल्या बसल्या तो गेला.

बारा दिवसांनी, दुपारी, मी दवाखान्याचं गळकं पातेलं घेऊन क्लोदोमिराकडे बसले होते. ती डाग देत होती. उबेर्लिंदा आली ती छातीशी काहीतरी धरून, शालीचे दोन वेढे देऊन. दार तिनं मागे लावून घेतलं.

"कोमाद्रे, कुणाला बोलू नका. मेलानियाबाई, तुम्हीसुद्धा." तिनं शाल सोडली. आत कातड्यात गुंडाळलेली जाड काचेची बरणी होती, तोंडाला मेण. "खाटेखालची फळी निघाली म्हणून बसवायला गेले. खाली हे. चांदी आहे ना? माझ्या म्हाताऱ्यानं पोरांसाठी साठवून ठेवलीय, आणि मला बिचाऱ्यानं कधी सांगितलं नाही! याचा एक क्रूस करून द्या त्याच्या कबरीवर. उरेल ती पोरांची."

क्लोदोमिरानं मेण कापलं आणि कागदावर थोडं ओतलं. काळसर, राखी, चापट चापट पापुद्रे, माशाच्या खवल्यांसारखे. आणि चमक अशी की मलाही वाटलं, नशीब काढलं बाईनं. एक उग्र वास आला. ओळखीचा होता, पण माझ्या अंगालाच दिवसभर तसला वास असायचा, म्हणून मी नाक मुरडलं नाही.

"जड आहे," क्लोदोमिरा म्हणाली. "बघू."

एक मोठा पापुद्रा तिनं ऐरणीवर ठेवून हलकेच ठोकला. त्याचा चुरा झाला.

"चांदी अशी फुटते का हो?" उबेर्लिंदानं विचारलं.

"चांदी फुटत नाही, कोमाद्रे. पसरते." तिनं दुसरा तुकडा तारांमधे धरला. दिवा लागला नाही. तारा पुसून परत धरला. नाहीच. कानशीनं घासला, आतून लख्ख काही निघालं नाही, नुसती काळी भुकटी पडली. "धातू नाही हा. वरून सोंग आहे."

"अहो पण चमकतंय बघा ना! नीट बघा! गरम करून बघा, तुम्ही करता ना गरम?"

मला आजही वाटतं, तिथेच थांबलो असतो तर! पण क्लोदोमिरा एकाही तपासणीवाचून सोडणारी नव्हती. तिनं चमचाभर पापुद्रे लोखंडी पळीत घेतले आणि पळी शेगडीवर धरली.

ते लाल झालं नाही, जळलंही नाही. वितळल्यासारखं झालं न झालं तोच पळीतून धूर उठला. जांभळा. गर्द, वांग्याच्या सालीसारखा जांभळा, आणि जड. वर जाण्याऐवजी पळीच्या काठावरून खाली सांडणारा. आम्ही तिघी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. असा रंग आमच्या वाळवंटात कुणी पाहिलेलाच नव्हता. मग तो श्वासात गेला आणि घसा सोलल्यासारखा झाला. डोळ्यांतून धारा. मी खोकत खोकत दार ढकललं, उबेर्लिंदाला दंडाला धरून बाहेर ओढलं. क्लोदोमिरानं पळी वाळूत पालथी घातली आणि धडपडत बाहेर आली.

मोकळ्या हवेत मला तो वास कळला. रोज बोळ्यावर घेऊन जखमांना लावत होते तो वास.

"आयोडीन," मी म्हटलं. "क्लोदो, हे आयोडीन आहे."

ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. पापुद्रे धरलेली तीन बोटं टोकांना तपकिरी झाली होती. चार वर्षांपूर्वी ती रोज रात्री साबण लावून बेलार्मिनोची बोटं घासायची, आणि तो डाग निघायचा नाही. मग तिनं उबेर्लिंदाचा हात ओढून उलटा केला. तिच्याही बोटांना तेच.

उबेर्लिंदाला सगळ्यात उशिरा कळलं. ती म्हणत होती, "आयोडीन? आमच्या घरात? पण ते तर पिंपात असतं. ओनोफ्रेनं कशाला..." आणि तिथंच तिचं तोंड मिटलं. क्लोदोमिराकडे बघून ती एकदम मागे सरली, मार चुकवायला माणूस सरतो तशी.

क्लोदोमिरानं हात उचलला नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. माझ्यासमोर माणसं गेलीत, मी चेहरे पाहिलेत. असा कोरा चेहरा मी नंतर पाहिला नाही. ती म्हणाली, "माझ्या छपराचे खिळे ठोकायचा तो. दर रविवारी." आणि पुन्हा तेच, "दर रविवारी."

"कोमाद्रे, मला माहीत नव्हतं," उबेर्लिंदा म्हणाली. "माझ्या पोरांची शपथ. बघा ना, बरणी भरलेली आहे, त्यातला एक दाणा विकला नाही त्यानं. आम्ही कधी बीन्सशिवाय दुसरं काही खाल्लं? कशाला घेतलं मग त्यानं? कशाला?"

याचं उत्तर द्यायला तो नव्हता. बेलार्मिनोवर बालंट आलं तेव्हा हा घाबरला असेल. विकायची छाती झाली नाही, परत ठेवायचीही झाली नाही. असा मी अंदाज बांधते. चार वर्षं तो त्या बरणीवर झोपला.

दुसऱ्या दिवशी क्लोदोमिरानं दुकान उघडलं तर भिंतीवरची सगळी तयार फुलं डागाळून पिवळीतपकिरी पडलेली. तिनं ती काढलीसुद्धा नाहीत. उबेर्लिंदा सकाळीच बरणी घेऊन दारात हजर. रात्रभर झोपलेली नव्हती.

"मी मॅनेजरकडे जाते. सगळं सांगते."

"आणि मग? पाच पोरांसकट सकाळच्या गाडीनं खाली?" क्लोदोमिरा म्हणाली. "विधवेची खोली म्हणून सहा महिने दिलीय तुला, तीही जाईल."

"मग मी करू काय? तुम्ही मला मारा तरी!"

"मारून काय होणार आहे," क्लोदोमिरा म्हणाली. "माझ्याबरोबर तोकोपिल्याला चल. तिथे जे सांगायचं ते त्याला सांग. माझ्या तोंडून त्यानं का ऐकावं?"

बरणी त्यांनी माझ्याकडे ठेवली. औषधं आणायच्या निमित्तानं मीही गेले. गाडी डोंगर उतरत असताना क्लोदोमिरा मला म्हणाली, "तुझ्या पेन्सिलीनं दिवा लागला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, आठवतं? एका पेन्सिलीसाठी." मग पुन्हा खिडकीकडे तोंड.

बेलार्मिनो धक्क्यावर पोती मोजत होता. केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून त्यानं टोपी काढली, उबेर्लिंदाला ओनोफ्रेबद्दल दुखवट्याचे दोन शब्द बोलला, आणि आम्हाला एका खाणावळीत नेऊन बसवलं. तळलेला मासा मागवला. त्याला कुणी हात लावला नाही.

उबेर्लिंदानं सगळं सांगितलं. फळी, बरणी, धूर. रडत नव्हती, धडा म्हणून दाखवावा तसं एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं पावाचा तुकडा मोडला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय माहीत होतं?" क्लोदोमिराचा आवाज फुटला.

"ओनोफ्रे घेत होता ते. जेवणाच्या डब्याखाली मातीची वाटी बसवली होती त्यानं. मी पाहिलं, त्यानंही मला पाहताना पाहिलं. माझ्या पॅंटमध्ये कामावर उडालेली भुकटी होती, आमच्यात कुणाच्याही असते तशी. झडती झाली त्या रात्री तो माझ्या पाया पडला."

"आणि तू गप्प बसलास? मॅनेजरपुढे? माझ्यापुढे?"

"त्याची पाच पोरं, क्लोदो. धाकटं अंगावर पीत होतं. आपल्याला मूल नाही. मी विचार केला, आपण दोघं कुठंही पोट भरू. बंदरावर काम असतंच." त्यानं हातातला पाव खाली ठेवला. "दोघं, असा हिशोब होता माझा."

क्लोदोमिरानं टेबलाची कड घट्ट धरली. तिची बोटं अजून तपकिरीच होती.

"मला सांगितलं असतंस तर!"

"विचारलं की तुला. फलाटावर. तू नाही म्हणाली असतीस तर गाडीत बसल्यावर सगळं सांगणार होतो." मग तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "तू आज आलीस. ठोकून, घासून, जाळून बघितलंस, मग आलीस. ते ठीकच आहे. तुझा धंदाच तो."

असं बोलून त्यानं मासा उबेर्लिंदापुढे सरकवला आणि म्हणाला, "जेवा. पोरांना सांगू नका. बाप गेलाय, त्याला तिथंच राहू दे."

क्लोदोमिरानं माफी मागितली नाही. परतीच्या गाडीत ती एकाच जागी नजर लावून बसली होती, आणि मधेच तिला हुडहुडी भरत होती. ताप नव्हता, मी हात लावून पाहिलं. "त्याला माहीत होतं," ती म्हणायची. "चार वर्षं तो वाट बघत होता, आणि त्याला माहीत होतं."

बरणीचं मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही, तो कारखानाच राहिलेला नाही. दवाखान्याच्या अल्कोहोलमध्ये मी ते थोडं थोडं विरघळवलं आणि वर्ष-दीड वर्ष कामगारांच्या जखमांना लावलं. बंदरावरून येणाऱ्या बाटल्या कमी का लागतात असं कुणी विचारलं नाही. उबेर्लिंदा कपडे धुण्याचं काम करत तिथंच राहिली. पोरं मोठी झाली. क्लोदोमिराच्या छपराचे खिळे मग ती स्वतःच ठोकायची, आणि उबेर्लिंदा खाली शिडी धरायची. त्यांच्यात भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पहिल्यासारखं हसणंखिदळणंही नाही.

सहा वर्षांनी कारखाना बंद पडला. लोकांनी घरांचे पत्रेसुद्धा उपटून नेले. क्लोदोमिरा तोकोपिल्याला गेली आणि बेलार्मिनोच्याच गल्लीत, तीन दारं सोडून, तिनं खोली घेतली. त्यानं ये म्हटलं नव्हतं, जाही म्हटलं नाही. पहिलं वर्षभर ते रस्त्यात भेटले की दोघंही टोपी-शाल सावरून पुढे जायचे. मग एका रविवारी तो तिची मोडकी शेगडी दुरुस्त करायला आला आणि जेवून गेला. त्यानंतर दर रविवारी यायचा. एका छपराखाली मात्र ते पुन्हा राहिले नाहीत. मी एकदा त्याला एकट्याला गाठून विचारलं, माफ केलंस का तिला? तो म्हणाला, "बाई, राग कधीच नव्हता. धक्का बसला होता. तो अजून जातोय, हळूहळू."

फुप्फुसं गेली त्याची, सोऱ्यातल्या सगळ्यांची जातात तशी. इस्पितळात कारकुनानं कागद भरताना क्लोदोमिराला विचारलं, आपण त्यांच्या कोण?

"बायको," ती म्हणाली. कारकून लिहायला लागला तेव्हा तिनं त्याचा हात थांबवला. "मधली अकरा वर्षं नव्हते. तेही लिहायला जागा आहे का?"

त्या कागदावर तशी जागा नव्हती.